इंग्रजी पेपरात जमतं, मग बोलताना का अडतं?

बारावीपर्यंत मराठी माध्यम आणि कॉलेजात गेल्यावर अचानक सगळं इंग्रजीत. असे अनेक विद्यार्थी इंग्रजीच्या पेपरात चांगले गुण मिळवतात, पण तोंडी परीक्षेत किंवा नोकरीच्या मुलाखतीत दोन वाक्यांनंतर गप्प होतात. त्यांची मेहनत कमी पडते का? बहुतेकदा नाही. सगळी मेहनत एकाच प्रकारची होते, ही खरी अडचण आहे.

शिकण्याच्या सहा तऱ्हा

अमेरिकी अभ्यासक रिबेका ऑक्सफर्ड यांनी १९९० मध्ये भाषा शिकणाऱ्यांसाठी एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीच्या आवृत्तीत ५० विधानं आहेत आणि ती सहा गटांत विभागली आहेत:

१. लक्षात ठेवण्याच्या युक्त्या
२. सराव आणि भाषेचं विश्लेषण
३. शब्द अडला तर वाट काढणं
४. अभ्यासाचं नियोजन आणि स्वतःची तपासणी
५. भीती आणि ताण सांभाळणं
६. इतरांसोबत शिकणं

आता स्वतःचा हिशेब करून पाहा. शब्दांची वही, व्याकरणाचे नियम, गाईडमधली उत्तरं... हे सगळं पहिल्या दोन गटांत येतं. बोलताना मात्र तिसरा, पाचवा आणि सहावा गट कामाला येतो. त्याचा सराव आपण करतो का?

वही वाचू नका, झाका

२००८ मध्ये कार्पिक आणि रोडिगर या मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना स्वाहिली भाषेतले ४० शब्द अर्थासह शिकवले. शब्द एकदा आठवल्यावरही ज्यांची त्यावर पुन्हा पुन्हा चाचणी होत राहिली, त्यांना आठवड्याने सुमारे ८० टक्के शब्द आठवले. ज्यांची त्या शब्दांवरची चाचणी थांबली, त्यांना सुमारे एक तृतीयांशच आठवले. मग त्यांनी ते शब्द पुन्हा वाचलेले असोत वा नसोत. म्हणून अर्थाची बाजू हाताने झाका, अर्थ आठवा आणि मगच हात काढा. बोलतानाही शब्द असाच डोक्यातून बाहेर काढावा लागतो.

शब्द जोडीने शिका

मराठीत आपण फोटो काढतो, चित्र काढतो आणि तिकीटही काढतो. इंग्रजीत मात्र फोटो 'टेक' करतात, चित्र 'ड्रॉ' करतात आणि तिकीट 'बाय' करतात. 'काढणे'चा एकच अर्थ पाठ केला, तर वाक्य चुकणारच. म्हणून वहीत सुटा शब्द लिहू नका. तो कोणत्या शब्दासोबत येतो, तेही लिहा.

शब्द अडला तर?

गाळणीला इंग्रजीत काय म्हणतात, ते आठवत नाही? 'चहा गाळायला वापरतो ती वस्तू' असं सोप्या इंग्रजीत सांगा. समोरच्याला कळतं आणि बोलणंही थांबत नाही. याचा सराव मित्रासोबत करता येतो. घरातल्या एखाद्या वस्तूचं नाव न घेता तिचं वर्णन करायचं आणि दुसऱ्याने ती ओळखायची.

हसतील याची भीती

ही भीती खरी आहे. वर्गात उच्चारावरून कोणी हसलं की पुढचे कित्येक महिने तोंड उघडत नाही. भाषाअभ्यासक जोन रुबिन यांनी १९७५ मध्येच लिहिलं होतं, की चांगले शिकणारे अंदाज बांधायला कचरत नाहीत आणि चुकलो तर वेडे दिसू याची फारशी पर्वा करत नाहीत. पण हा धीर एकदम येत नाही. आधी मोबाइलवर एक मिनिट बोलून रेकॉर्ड करा आणि स्वतःच ऐका. मग एका विश्वासातल्या मित्राशी बोला आणि त्यानंतर चार जणांच्या गटात. चुका बोलून झाल्यावर सांगायच्या, मध्येच तोडायचं नाही, एवढा नियम गटात पाळा.

दिवसाला अर्धा तास मिळत असेल, तर दहा मिनिटं शब्द आठवण्याला, दहा वाचण्या-ऐकण्याला आणि दहा बोलण्याला द्या. वेळ कमी पडला, तर बोलण्याची दहा मिनिटं मात्र कापू नका.