बाबूजींशी एक दुपार

रविवारची मिस्सा आटोपली की चर्चच्या दारात उभे राहून एकमेकांस ‘जय येशू’ म्हणावे, पावसापाण्याविषयी दोन शब्द बोलावे आणि आपापल्या वाटेस लागावे, एवढ्या भांडवलावर आपण कित्येक माणसांना ‘ओळखतो’ असे म्हणत असतो. बालाघाटच्या बाबूजींची आणि आमची ओळख अशीच नऊ वर्षांची होती. स्वच्छ पांढरा सदरा, हातात काठी आणि बसण्याची जागा ठरलेली : डावीकडे, दारापासून तिसरे बाक. मिस्सा संपली म्हणजे ते मागे वळून सगळ्या बाकांवरून एकवार सावकाश नजर फिरवीत आणि मगच उठत. म्हाताऱ्या माणसाची ही एक लकब, असे आम्ही समजत होतो. त्यांचे बाप्तिस्म्याचे नाव काय, हेसुद्धा आम्हांस ठाऊक नव्हते. सारा गाव त्यांना बाबूजी म्हणे, म्हणून आम्हीही म्हणत असू.

महाराष्ट्रातील आमच्या पुष्कळ वाचकांना बालाघाट हे नाव नकाशावर शोधावे लागेल. गोंदियाच्या उत्तरेस पंचवीसेक मैलांवर, वैनगंगेच्या काठी हे गाव आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा जिल्हा आणि नागपूर-भंडारा हे एकाच राज्यात होते व त्या राज्याची राजधानी नागपूर होती. त्या दिवशी विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले, बालाघाट नव्या मध्य प्रदेशात राहिला आणि राजधानी भोपाळला गेली. येथे बाजारात हिंदी चालते, शेतावर पोवारी ऐकू येते आणि काही घरांतून अजून मराठी बोलली जाते. बाबूजींचे घर त्यांपैकी एक.

ऑगस्टातील एका रविवारी मिस्सेनंतर पावसाने जो जोर धरला, तो काही केल्या ओसरेना. आमच्या छत्रीच्या दोन काड्या केव्हाच मोडलेल्या. बाबूजींचे घर चार पावलांवर. ‘‘चला नं भाऊ, आज आमच्याकडेच जेवा,’’ ते म्हणाले. एरवी आम्ही काहीतरी निमित्त सांगून निसटलो असतो, हे कबूल केले पाहिजे. वृद्धांच्या गोष्टी लांबतात अशी आपली एक समजूत असते. त्या दिवशी पावसाने निमित्तास जागाच ठेवली नाही.

सूनबाईंनी चिन्नोर तांदळाचा भात केला होता. या तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हापासून बालाघाटकर त्याच्याविषयी जरा अधिकच अभिमानाने बोलतात; पण त्या दिवशी भाताचा वास माजघरातून ओसरीपर्यंत आला, तेव्हा तो अभिमान आम्हांस मुळीच अवाजवी वाटला नाही. जेवण झाल्यावर बाबूजींनी ओसरीवर दोन खुर्च्या मांडविल्या. सुपारीचे खांड तोंडात टाकून ते स्वस्थ बसले. प्रश्न आम्ही विचारावे, अशी आमची कल्पना. प्रत्यक्षात पहिली पाऊणघटका त्यांनीच आम्हांस विचारले : आईवडील कुठले, भावंडे किती, त्यांची भेट होते की नाही. भावंडांच्या प्रश्नावर ते जरा रेंगाळले. परंतु ते आमच्या ध्यानात आले ते पुष्कळ नंतर.

मग हळूहळू त्यांची स्वतःची गोष्ट निघाली. वडील मूळचे नागपूरचे, सुतार. या भागात मँगनीजच्या खाणी आहेत. भरवेलीची खाण तर भूमिगत मँगनीज खाणींत आशियातील सर्वांत खोलांपैकी गणली जाते. भुयारांस आधार देण्याकरिता लाकूडकाम लागे. त्या कामावर वडील आले आणि येथेच राहिले. थोरला मुलगा शिक्षणासाठी नागपुरास काकांकडे ठेवला, तो तेथेच सरकारी कचेरीत लागला. १९५६ साली बाबूजी सतरा वर्षांचे होते. ‘‘रात्री झोपलो तेव्हा दादा आमच्याच राज्यातला होता जी, सकाळी उठलो तर परराज्यातला. मी आईला म्हटलं, आता दादाकडं जायला परवाना लागते की काय! आई काही हसली नाही.’’

१९६१ साली ते हजेरी लिहिणारे बाबू म्हणून खाणीत लागले. त्या वेळी इंग्रजी भांडवलाची मूळ कंपनी होती. १९६२ साली तिच्या खाणी नव्या कंपनीकडे आल्या. त्या नव्या कंपनीत एक्कावन्न टक्के भाग भारत सरकार, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या तिघांचे आणि उरलेले जुन्या कंपनीचे, अशी वाटणी होती. १९७७ साली तोही भाग भारत सरकारने घेतला. मुख्य कचेरी नागपुरास. ‘‘राज्य वेगळं झालं, पण पगार नागपूरहूनच यायचा,’’ असे म्हणून बाबूजी खुशीत हसले.

बोलता बोलता गाडी मिस्सेवर आली. लहानपणी ते लॅटिन मिस्सेत वेदीसेवक होते. ‘‘लॅटिन कुणालाच येत नव्हती, त्यामुळे सगळे सारखे. मजूर, बाबू, साहेब, सगळे सारखेच अडाणी!’’ व्हॅटिकन महासभेने १९६३ साली लोकभाषेला वाट मोकळी करून दिली आणि पुढील काही वर्षांत येथील मिस्सा हिंदीत आली. बाबूजींना त्याचा आनंदच झाला, कारण सोबतच्या आदिवासी मजुरांना ती कळू लागली. घरी मात्र त्यांची पत्नी रात्रीची जपमाळ मराठीतच म्हणे. चार वर्षांपूर्वी ती गेली. त्या रात्री मुलानातवंडांनी तिच्याभोवती बसून जपमाळ म्हटली, ती ‘प्रणाम मरिया’. ‘‘मी मधेच एकटा ‘नमो मारिया’ म्हणत होतो. पोरांचा काही दोष नाही. त्यांना शिकवायचं राहून गेलं,’’ एवढे बोलून त्यांनी तो विषय सोडला. आम्हीही सोडला.

आमच्या मनात अद्याप ती चर्चमधली लकब होती. मिस्सा संपल्यावर मागे वळून काय पाहता, असे आम्ही सहज विचारले.

‘‘मोजतो,’’ ते म्हणाले.

खाणीत उतरणाऱ्या प्रत्येक मजुरास क्रमांकाचा पितळी बिल्ला असे. खाली जाताना बिल्ला फळीवरील खिळ्याला अडकवायचा, वर आल्यावर काढून न्यायचा. १९५२ च्या खाण कायद्याप्रमाणे कोणत्याही क्षणी जमिनीखाली कोण कोण आहे, हे वहीवरून कळावे लागे. पाळी सुटली की फळी रिकामी झाली पाहिजे, आणि ती रिकामी पाहिल्याखेरीज बाबूजींनी वहीवर सही करायची नाही. छत्तीस वर्षे त्यांनी हे केले. ‘‘आता फळी नाही, तर बाकं मोजतो. कोण आलं नाही ते पाहतो, आणि मग दुपारी कुणाकडं तरी चक्कर मारतो.’’ तेव्हा आम्हांस आठवले की तीन वर्षांमागे आम्ही हिवतापाने अंथरुणास खिळलो असता, बाबूजी एका दुपारी काठी टेकीत दारात उभे राहिले होते. सहज आलो, असे म्हणाले होते.

यानंतर ते पुष्कळ वेळ बोलले नाहीत. पाऊस कौलांवर वाजत होता. मग त्यांनी जे सांगितले, ते त्यांच्याच संमतीने येथे देत आहोत.

१९७१ चा मे महिना. संध्याकाळी नागपूरहून दादाची तार आली : आई अत्यवस्थ, ताबडतोब ये. बाबूजी रात्रपाळीच्या कामावर निघालेलेच होते. पाळी सुटताच परस्पर स्टेशनावर जावे, पहाटेची छोटी गाडी धरून गोंदिया गाठावे आणि तेथून मोठ्या गाडीने दुपारपर्यंत नागपूर, असा त्यांनी हिशेब केला. (ही अडीच फुटी रुळांची छोटी गाडी आता राहिली नाही, जबलपूरकडील तिचा शेवटचा भाग २०१५ साली बंद झाला.) पाळी सुटली, माणसे वर आली, बिल्ले गेले. फळीवर एक उरला.

मुकादम दिवा घेऊन पुन्हा खाली उतरला. सारी तोंडे पाहून आला. कोणी नाही. बिल्ला विसरून घरी गेला असेल, असे सर्वांचे म्हणणे पडले, आणि तसेच असण्याचा संभव अधिक होता. त्या मजुराचे गाव तीन कोसांवर. बाबूजींनी कंदील घेतला आणि चालू लागले.

‘‘झोपला होता,’’ बाबूजी म्हणाले. ‘‘अंगणात, खाटेवर, घोरत. पोराला ताप होता म्हणून घाईत घरी आला, बिल्ला राहिला. मी त्याला उठवलंसुद्धा नाही. त्याच्या बायकोला म्हटलं, उद्या बिल्ला घेऊन जायला सांग. परत आलो, वहीवर सही केली, तोवर उजाडलं होतं. गाडी गेलेली.’’

दुपारच्या गाडीने ते निघाले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे नागपुरास पोहोचले. आईची माती आदल्या संध्याकाळीच झाली होती. नागपूरचा मे महिना. दादा तरी प्रेत किती वेळ ठेवणार? घरात शिरताच दादा म्हणाला, ‘‘तुला खाण सुटली नाही ना?’’ बाबूजींनी उत्तर दिले नाही. कारण सांगितले असते तर ती सबब वाटली असती. माणूस तर झोपलेला होता. तिसऱ्या दिवशी ते परतले. पुढे पत्रे गेली-आली, लग्नांच्या पत्रिका गेल्या-आल्या. पण दोघे भाऊ समोरासमोर बसून बोलले असे झाले नाही. सहा वर्षांपूर्वी दादा गेला.

ते ऐकून आमच्यासारख्या माणसास जे सुचावयाचे तेच सुचले. नव्याण्णव मेंढरे सोडून हरवलेल्या एकाच्या शोधात निघालेल्या मेंढपाळाचा दाखला आम्ही बोलून दाखविला. आमचा हेतू चांगला होता.

बाबूजी आमच्याकडे पाहून हसले. त्या हसण्यात राग नव्हता. ‘‘तो मेंढपाळ आईच्या मातीला निघाला नव्हता, भाऊ.’’

आम्ही गप्प बसलो. सूनबाई चहा ठेवून गेल्या. चहा पिऊन झाल्यावर बाबूजी आत गेले आणि एक पत्र घेऊन आले. ते त्यांच्या वहिनींचे होते, दोन वर्षांपूर्वीचे. नातवाच्या लग्नाचे आमंत्रण, प्रकृतीची विचारपूस, आणि अगदी शेवटी एक ओळ : त्या वेळी काय झाले होते ते भाऊजींनी एकदा कळविले तर बरे वाटेल, हे अधूनमधून विचारीत असत.

‘‘मोतीबिंदूनं मला आता लिहिता येत नाही. नातू लिहून देईल, त्याचं अक्षर चांगलं आहे. पण तो लिहिणार हिंदीत. वहिनीला हिंदीत पत्र पाठवू? नाही जी.’’ थोडे थांबून त्यांनी विचारले, ‘‘तुमच्याकडं वेळ आहे?’’

वेळ होता. नातवाने वहीचे दोन कागद फाडून दिले आणि तोही दाराशी येऊन बसला. बाबूजी सांगत गेले, आम्ही लिहीत गेलो. तार, फळी, बिल्ला, कंदील, खाट, सारे त्याच क्रमाने, आम्हांस सांगितले त्याहून थोडक्यात. एके ठिकाणी आम्ही आपल्या पदरची भर घालून ‘माझा नाइलाज होता’ असे लिहिले. वाचून दाखविताना त्यांनी ते खोडावयास लावले. ‘‘नाइलाज नव्हता. दुसऱ्या कुणाला पाठवता आलं असतं. मुकादम जायला तयार होता. ते लिहा.’’ आम्ही ते लिहिले. मग दादाविषयी एक वाक्य, त्याचे शब्द चुकीचे नव्हते असे, आणि वहिनींस नमस्कार.

दाराशी बसलेल्या नातवाने विचारले, ‘‘दादाजी, ये बात आपने हमको कभी नहीं बताई?’’ बाबूजी त्यास मराठीतच म्हणाले, ‘‘तू विचारलं नाहीस नं बेटा.’’

पाऊस थांबला होता. आम्ही कागद त्यांच्या पुढ्यात धरला आणि लेखणी हाती देऊन जागा बोटाने दाखविली. बाबूजींनी हळूहळू, अक्षर अक्षर चाचपीत, आपले बाप्तिस्म्याचे नाव लिहिले. नऊ वर्षांत ते आम्ही पहिल्यांदा वाचले. येथे ते छापू नये अशी त्यांची इच्छा आहे.

पत्र सोमवारी टपालात पडले. हे लिहीपर्यंत उत्तर आलेले नाही. पण पत्र पोहोचून अजून चारच दिवस झाले असावेत, असा बाबूजींचा हिशेब आहे.