कारभार आणि कारखान्याचे आयुष्य

भांडवल कर्जाऊ मिळते, यंत्रे परदेशांतून मागविता येतात, आणि तेजीच्या दिवसांत सामान्य मालालाही गिऱ्हाईक लाभते. परंतु तेजी ओसरल्यावर आणि संस्थापक काळाआड गेल्यावरही जो उद्योग तग धरतो, त्याच्या पाठीशी सुव्यवस्थित कारभार असतो, हे किर्लोस्करवाडीच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

बेळगावची कारखान्याची जागा सोडावी लागल्यानंतर १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकालगत जी जमीन दिली, ती ओसाड व निवडुंगाने माजलेली होती; तेथेच लोखंडी नांगरांचा कारखाना आणि किर्लोस्करवाडीची वसाहत उभी राहिली. लक्ष्मणराव स्वतः कल्पक यंत्रज्ञ होते, तथापि सर्व सूत्रे आपल्याच मुठीत ठेवण्याचा अट्टाहास त्यांनी केला नाही. वसाहतीची आखणी व बंदोबस्त वडील बंधू रामूअण्णांनी पाहिला, यंत्रकाम शंभोराव जांभेकरांनी, जमाखर्च मंगेशराव रेग्यांनी, तर नांगर गिऱ्हाइकाच्या गळी उतरविण्याचे काम के. के. कुलकर्ण्यांनी; शाळा अर्धवट सोडलेल्या अनंतराव फळणीकरांच्या कल्पकतेलाही तेथे वाव मिळाला, आणि तुरुंगवास भोगून आलेल्या माणसांवर रात्रीच्या पहाऱ्याची जबाबदारी विश्वासाने सोपविली गेली. माणसाचा गुण ओळखून त्याला काम देणे आणि त्या कामाचा अखत्यारही देणे, हेच उत्तम व्यवस्थापनाचे मर्म होय.

दुसरा गुण दीर्घदृष्टीचा. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते अशा समजुतीमुळे बेळगावास पहिले नांगर खपावयास सुमारे दोन वर्षे लागली; तेवढ्याने धीर सोडला असता, तर पुढचा कारखाना उभाच राहिला नसता. १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी काढलेल्या ‘किर्लोस्कर खबर’ या पत्रामुळे कारखाना आणि गिऱ्हाईक यांचा संबंध खरेदीपुरता उरला नाही. पुढच्या पिढीचीही तरतूद वेळीच झाली: लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रशिक्षणसंस्थेतून पदवी घेऊन परतले, आणि १९४६ साली त्यांच्या नेतृत्वाखाली पुण्यास ऑइल इंजिनांचा स्वतंत्र उद्योग सुरू झाला.

लक्ष्मणराव १९५६ साली निवर्तले, तरी वाडीच्या कारखान्यात आजही पंप तयार होतात. म्हणून नव्या उद्योजकांनी वार्षिक ताळेबंदातील नफ्याचा आकडा पाहून संतुष्ट न होता, आपल्या गैरहजेरीत योग्य निर्णय घेणारी माणसे आपण तयार केली आहेत काय, याचाही हिशेब दरवर्षी मांडावा.