श्रेष्ठ कोण?
रॉक आणि रॅप संगीतांतील सर्वश्रेष्ठ वृंद कोणता, या वादाला अमेरिकेंत एक न्यायासनच लाभलें आहे. ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ ही संस्था १९८६ पासून मानकरी निवडते. पहिल्या ध्वनिमुद्रिकेनंतर २५ वर्षें लोटल्याखेरीज कोणी पात्र ठरत नाहीं.

२०१६ सालीं एन. डब्ल्यू. ए. या रॅपवृंदाची निवड झाली, तेव्हां रॅप हें रॉक नव्हे, अशी हरकत ‘किस’ वृंदाच्या जीन सिमन्स यांनीं घेतली. रॉक म्हणजे वाद्य वा शैली नव्हे, ती एक वृत्ति आहे, असें उत्तर एन. डब्ल्यू. ए.च्या आइस क्यूब यांनीं सन्मानसमारंभांतच दिलें.

बीटल्सचे चाहते सुरावट पाहतात. रॅपचे रसिक शब्द आणि लय तोलतात. तराजूच निराळे असतां तंटा मिटावा कसा? श्रेष्ठ कोण, हें विचारण्यापूर्वीं श्रेष्ठता कशांत मानावयाची, हें ठरविणें अगत्याचें आहे.