झाडावरच्या आमरी : मूळ, खोड, पान

सह्याद्रीत झाडांवर वाढणाऱ्या आमरींना बांडगूळ समजून कित्येकदा ओरबाडून काढलं जातं. हा त्यांच्यावर अन्याय आहे. त्या झाडाचा रस शोषत नाहीत, केवळ आधार घेतात. पाणी मिळतं ते हवेत लोंबणाऱ्या आणि सालीला चिकटलेल्या मुळांतून. मुळांभोवती मृत, पोकळ पेशींचं ‘व्हेलामेन’ हे आवरण असतं. पावसाचं पाणी ते टीपकागदासारखं ओढून घेतं. कोरडं मूळ रुपेरी-पांढरं दिसतं. भिजलं की आतलं हरितद्रव्य दिसू लागून हिरवं होतं.

इथून पुढे वाटा फुटतात. सीतेची वेणी (ऱ्हिंकोस्टायलिस रेटुसा) एकाच शेंड्याने वाढत जाते. तिला फुगीर खोड नसतं, त्यामुळे पाण्याची साठवण जाड, चिवट पानांत आणि मुळांत. तिच्या गटातल्या अनेक आमरी पानांवरची रंध्रं रात्री उघडतात. दिवसाच्या उन्हात पाणी उडून जात नाही. डेंड्रोबियम बार्बाट्युलमचं उलट. तिच्या बुडाशी नवनवी मांसल खोडं फुटतात, पाणी आणि अन्न त्यांत साठतं. पावसाळ्यानंतर पानं गळतात आणि त्या उघड्या खोडांवर पांढरी फुलं येतात. बल्बोफायलममध्ये सरपटत्या खोडावर लहान फुगीर गाठी, प्रत्येकीवर बहुधा एकच पान.

सर्वांत थक्क करते ती टिनिओफायलम. मोठी झाल्यावर तिला हिरवी पानंच नसतात. सालीवर पसरलेली हिरवी मुळंच प्रकाशसंश्लेषण करतात.