खुडलेली अळंबी आणि थंडी

आज एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करू. खुडलेली अळंबी जिवंत असते की मेलेली? पुडकं फ्रीजमध्ये टाकताना आपण ती मेलेलीच धरून चालतो. पण तसं नाही. आपली नेहमीची पांढरी बटण अळंबी खुडल्यावरही श्वास घेत राहते, तोही बहुतेक भाज्यांपेक्षा वेगानं. बाहेरचं अन्न तुटलं, की ती अंगातलीच साखर आणि प्रथिनं खर्च करते. इतकंच काय, ती वाढतेसुद्धा! देठ लांबतो, टोपीखालचा पडदा फाटतो, टोपी उघडते आणि आतल्या पट्ट्या काळवंडतात. आपण जिला ‘शिळी झाली’ म्हणतो, ती खरं तर बीजाणू सोडायच्या तयारीला लागलेली असते.

त्यात तिच्या अंगात 90 टक्क्यांच्या आसपास पाणी, आणि ते धरून ठेवणारी जाड साल नाही. त्यामुळे ती लवकर सुकते. जरा दाबली गेली, तर पेशी फुटतात, टायरोसिनेज नावाचं विकर कामाला लागतं आणि डाग पडतो.

मग थंडी काय करते? ती हे आयुष्य थांबवत नाही, त्याची गती मंदावते. म्हणून खुडल्याबरोबर शून्य ते दोन अंशांपर्यंत थंड करणं महत्त्वाचं. उशीर झाला, तर ढिगात श्वसनाचीच ऊब साठते आणि गेलेला ताजेपणा नंतरची थंडी परत देत नाही. उत्पादकाचा भाव ठरतो तो इथेच.

मग ‘जितकं थंड तितकं बरं’ हा नियम मानायचा का? ओडिशात मोठ्या प्रमाणावर पिकणारी, भाताच्या पेंढ्यावरची अळंबी बघा. ती उष्ण हवेतली. चार अंशांवर ठेवली, तर तिच्या पेशींची आवरणं बिघडतात. ती मऊ पडते, पाणी सुटतं आणि अक्षरशः विरघळते. तिला पंधरा अंशांच्या आसपासच बरं वाटतं, आणि तिथेही ती थोडेच दिवस टिकते.

म्हणजे ‘थंडी चांगली की वाईट’ हा प्रश्नच अपुरा आहे. कोणासाठी आणि किती, हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

घरी काय करायचं? बटण अळंबी न धुता कागदी पिशवीत घालून फ्रीजमध्ये ठेवावी. हवाबंद प्लास्टिकमध्ये पाण्याचे थेंब साचतात. शिवाय आतला प्राणवायू तीच संपवते, आणि प्राणवायूविना वाढणाऱ्या विषारी जिवाणूंना वाव मिळतो. म्हणूनच बाजारातल्या पुडक्याला बारीक भोकं असतात. जिवंत वस्तू साठवायची, तर तिला श्वास घ्यायला जागा ठेवावीच लागते.