गळती कोठे, हे कळण्याआधी गळती केव्हा?

वॉशिंग मशीनखाली पाणी साचले, की ‘कोठून गळते?’ हा प्रश्न आपण लगेच विचारतो. पण पाणी जेथे दिसते तेथूनच ते गळत असेल असे नाही. थेंब पृष्ठभागाला चिकटून राहतो, नळीच्या खालच्या बाजूने ओघळत जातो आणि भलत्याच जागी टपकतो. म्हणून ‘कोठून’च्या आधी ‘केव्हा’ हे पाहावे.

त्याआधी एक दक्षता. साबणाचे पाणी विजेचे वाहक असते आणि यंत्राला 230 व्होल्टचा पुरवठा असतो. साचलेल्या पाण्यात उभे राहून प्लगला हात लावू नये. प्रथम घराचा मुख्य स्विच बंद करावा, मग प्लग काढावा आणि जमीन कोरडी करावी. अर्थिंग नीट आहे याची खात्री करूनच यंत्र पुन्हा चालवावे. चालू यंत्राचे फक्त निरीक्षण करावे, हात लावू नये.

समोरून दार असलेल्या यंत्राचे उदाहरण घेऊ. गच्चीवरच्या टाकीतील पाण्याची पातळी नळापासून 10 मीटर उंच असेल, तर यंत्राला पाणी देणाऱ्या नळीत सुमारे 100 किलोपास्कल, म्हणजे जवळजवळ एक वातावरण इतका जादा दाब असतो. यंत्राच्या आतील टाकीत पाणी समजा 25 सेंटिमीटर चढते. तेथे तळाशी हा दाब फक्त 2.5 किलोपास्कल, म्हणजे चाळिसाव्या भागाइतका असतो. म्हणून नळाकडची गळती फवाऱ्यासारखी उडू शकते, तर टाकीकडची बहुधा ठिबकते.

आता यंत्राखाली जुने वर्तमानपत्र पसरा. ते कोणत्या टप्प्यात आणि कोठे प्रथम भिजते याची नोंद करा. ओघळलेले पाणी बोटांवर चोळून बुळबुळीत लागते का, तेही पाहा.

यंत्र बंद, तोटी उघडी आणि पाणी स्वच्छ: पाणी देणारी नळी किंवा तिचा जोड सदोष आहे. तोटी बंद करून नळी काढा, आतील रबरी वायसर कडक झाला असेल तर बदला. येथे पाणी अडवतो तो वायसर, आटे नव्हेत. त्यामुळे आट्यांवर टेप गुंडाळून उपयोग होत नाही आणि पान्याने जोरात आवळल्यास प्लास्टिकचे आटे तुटतात. बंद यंत्राच्या ड्रममध्येच पाणी जमत असेल, तर विजेवर उघडणारी झडप पूर्ण मिटत नाही असे समजावे.

पाणी घेताना पुढून साबणाचे पाणी: साबणाच्या खणात पूड साचून वाट अडली आहे. खण काढून धुवावा.

कपडे घुसळताना: दाराभोवतीचा रबर पाहा. घडीत अडकलेले नाणे, केस किंवा क्षारांचा थर पुसून काढा. रबर चिरला असेल तर बदलावाच लागतो. फेसाळ साबण जास्त झाला, तरी फेस खणातून बाहेर येतो. तो दोष यंत्राचा नव्हे.

पाणी भरल्यापासून खाली पुढच्या बाजूस सतत ठिबक: पंपाची गाळणी टाकीच्या तळाशी असल्याने तेथे पाणी कायम उभे असते. आतील पाणी काढून गाळणी स्वच्छ करा, तिचे रबरी कडे नीट बसवा.

फक्त पाणी बाहेर टाकताना: निचऱ्याची नळी किंवा तिची क्लिप तपासा.

फक्त पिळताना, मागे, गंजाच्या ओघळासह आणि मोठा आवाज होत असल्यास: ड्रमच्या दांड्यावरचे सील आणि बेअरिंग झिजले असण्याची शक्यता आहे. 24 सेंटिमीटर त्रिज्येचा ड्रम मिनिटाला 1000 फेरे घेतो, तेव्हा त्याच्या कडेला गुरुत्वत्वरणाच्या सुमारे 270 पट त्वरण असते. हे काम जाणकार कारागिराकडेच द्यावे.

वर्गात विद्यार्थ्यांना एक तक्ता करायला सांगता येईल: उभ्या ओळीत टप्पे, आडव्या ओळीत ‘स्वच्छ’ आणि ‘साबणाचे’. प्रत्येक चौकटीत संभाव्य कारण लिहावे आणि ते खोटे ठरवणारी एक चाचणीही. ही सवय लागली, तर चांगला भाग विनाकारण बदलण्याचा खर्च टळतो. शिवाय तर्काने एकेक शक्यता वगळत जाण्याची पद्धत, जी प्रयोगशाळेत लागते, ती घरच्या मोरीतही तितकीच लागते हे मुलांना स्वतः दिसते.