खर्जावर उभं राहिलेलं गाणं

संपादकांनी दक्षिण आफ्रिकेतल्या झुलूंच्या इसिकाथामिया गायनावर लिहायला सांगितलं, तेव्हा आधी आठवला लेडीस्मिथ ब्लॅक मम्बाझो. पॉल सायमनच्या १९८६च्या ‘ग्रेसलँड’ या अल्बममुळे जोसेफ शबालाला यांचा हा संघ जगभर पोचला. त्यांचं हळुवार गाणं, पाय उंच उचलून आवाज न करता टेकवणं, सारंच लोभस. पण मूळ शोधताना सॉलोमन लिंडाची १९३९ची ‘म्बुबे’ ही तबकडी हाती लागली आणि मी तिथेच थांबलो.

लिंडा नाताळ प्रांतातल्या म्सिंगा भागातला. पोटासाठी जोहान्सबर्गला आलेल्या हजारो झुलू पुरुषांतला एक. बायकापोरं गावी आणि ही माणसं कामगारांच्या वसतिगृहांत. तिथे शनिवारच्या रात्री गायनाच्या चढाओढी लागत, त्या उजाडेपर्यंत चालत. लग्नातली गाणी, मिशनमधली स्तोत्रं, दौऱ्यावर आलेल्या अमेरिकन गायकांच्या चाली, सगळं त्यात मुरलेलं. वाद्य मात्र एकही नाही.

लिंडाची खरी करामत खर्जात आहे. खालचा स्वर एकट्यावर न सोपवता त्याने तो अनेक गळ्यांना दिला. तबकडीत हे गळे एकच छोटा तुकडा पुन्हा पुन्हा घोळवत राहतात. भजनात पखवाज जो ठेका धरतो, तो इथे माणसांच्या छातीतून येतो. त्यावर लिंडा पातळ, उंच आवाजात मोकळा फिरतो. शेवटाकडे तो आयत्या वेळी सुचलेली एक सुरावट घेतो. काही सेकंदांचीच. पुढे सगळं जग गुणगुणलं ती हीच.

आणि लिंडाला काय मिळालं? ‘गॅलो’ कंपनीकडून हक्कांचे १० शिलिंग आणि तिच्याच कारखान्यात तबकड्या बांधायचं काम. अमेरिकेत ‘वीव्हर्स’नी हे गाणं ‘विमोवे’ म्हणून गायलं, १९६१मध्ये ‘टोकन्स’नी इंग्रजी शब्द चढवून ते गाजवलं, १९९४च्या ‘लायन किंग’मध्येही ते आलं. लिंडा १९६२मध्येच गेला, कफल्लक. पत्रकार रियान मलान यांनी २००० साली हे सगळं उघड केलं. मग वारसांच्या बाजूने कोर्टात १९११चा ब्रिटिश कायदा पुढे आला: रचनाकाराच्या मृत्यूनंतर २५ वर्षांनी हक्क वारसांकडे परत येतात. म्हणजे १९८७लाच ते लिंडाच्या मुलींचे झाले होते! तडजोड झाली २००६मध्ये. लिंडाला सहरचनाकार म्हणून मान्यता मिळाली.

मला ही तडजोड अपुरी वाटते. ते गाणं तुम्ही ऐकलेलं असेलच. आता लिंडाची मूळ तबकडी ऐका, आणि गाण्याखाली नाव लिहाल तेव्हा त्याचं आधी लिहा.